पाच वाजताची अव्वा

१

पाचाला दहा कमी झाले की श्रीमंतअप्पा सदऱ्याच्या गुंड्या लावायला घ्यायचे. छातीवर टाक्यांची लांब रेघ होती, बोटं थरथरायची, वरची गुंडी हटकून खालच्या काजात जायची. मग पार्वतम्मा पुढं होऊन ती नीट करायची. अप्पांच्या ऑपरेशननंतर त्यांचं सगळं बघायला तिला ठेवलं होतं. सकाळी आठला यायची, संध्याकाळी सहाला जायची. पाठीला दोन उशा देऊन ती अप्पांना खाटेवर बसतं करायची, ओल्या फडक्यानं तोंड पुसायची, उरलेसुरले पांढरे केस कंगव्यानं मागं सारायची.

"बरा दिसायलोय का?" अप्पा विचारायचे.

"नवरदेव," म्हणायची पार्वतम्मा, आणि तोंड फिरवून उगाच खिडकीचा पडदा सारखा करून मागं भांड्यांकडं जायची.

समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, फोनच्या चिमुकल्या काचेवरचं त्यांना काही दिसत नव्हतं. म्हणून फोनवरचं सगळं टीव्हीवर दाखवायची पद्धत त्या घरात पडली होती.

त्यांची मुलगी मंजुश्री सीमेपलीकडं कर्नाटकातल्या अफजलपुरातच मराठी शाळेत शिकवायची. चाळिशीला आलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. साडेचारला ती घरी यायची, चहा टाकायची, आणि पाचाच्या ठोक्याला शाळेचा टॅब घेऊन आतल्या खोलीत जायची. मध्ये दार नव्हतं, जाड पडदा होता. अप्पांना सांगितलेलं कारण असं, की दोन यंत्रं जवळ असली की आवाज घुमतो.

टॅबच्या काचेवर वरून खाली बोट ओढायचं. टीव्हीचं नाव यायचं, त्यावर टेकवायचं. बाहेर टीव्ही 'टुंग' करायचा. मग मंजुश्री व्हिडिओ लावायची.

टॅबवर अव्वाचे, तिच्या आईचे, ओठ हलायचे, पण मुके. आवाज टीव्हीकडं गेलेला असायचा, तो पडद्यापलीकडून एक क्षण उशिरानं यायचा.

"जेवलात का?"

"जेवलो की. भाकर, पालक. मीठच न्हाई, तोंडाची चव गेली."

अव्वा थांबायची. ऐकून घेतल्यासारखी मान हलवायची.

"गोळ्या चुकवू नका."

"न्हाई चुकवत. तू कवा यायलीस?"

"मी बरी हाय. काळजी करू नका."

दोन मिनिटं आणि काही सेकंद. मग मंजुश्री बाहेर येऊन म्हणायची, "कट झाला अप्पा. तिथं रेंज न्हाई."

"असू दे. दिसली, झालं." अप्पा समाधानानं उशीला टेकायचे.

सत्यभामाअव्वाला जाऊन त्या दिवशी एकवीस दिवस झाले होते.

२

हे कुणी दुष्टाव्यानं केलं नव्हतं.

अप्पांची छाती उघडून शिवली त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा अव्वा न्हाणीघरात घसरून पडली. आधीपासूनचं मूत्रपिंडाचं दुखणं उसळलं. मंजुश्री तिला घेऊन सोलापूरला गेली आणि धाकटा भाऊ पप्पू पुण्याहून येऊन अप्पांजवळ बसला. अव्वाचा वॉर्ड जमिनीखालच्या मजल्यावर होता. तिथं फोन लागायचा नाही. म्हणून मंजुश्री शाळेच्या टॅबवर अव्वाचा व्हिडिओ काढायची, वर रस्त्यावर येऊन पप्पूला पाठवायची, आणि पप्पू तो टीव्हीवर लावायचा.

अप्पांना वाटलं, बायको समोरून बोलायली. ते उत्तरं द्यायला लागले.

पप्पूचा फोन आला. "अक्का, अव्वाला जरा मधी मधी थांबायला सांग. अप्पा बोलत असतेत आणि तिचं पुढंच चालू असतंय."

तेवढं खोटं तेव्हा कुणाला खोटं वाटलं नाही.

अकराव्या दिवशी दुपारी अव्वा गेली. अप्पांच्या डॉक्टरनं फोनवर सांगितलं, अजून चार आठवडे त्यांना कसलाही धक्का बसता कामा नये. पप्पू सोलापूरला आला, अग्नी तिथंच दिला, अस्थी गाणगापूरच्या संगमावर सोडल्या. दवाखान्याच्या दाराशी उभं राहून तो म्हणाला, "व्हिडिओ हायत की अक्का तुझ्याकडं. चार आठवडे तर काढायचेत."

पाच व्हिडिओ होते. पाच आलटून पालटून लावायचे.

पप्पू दहावं उरकून पुण्याला गेला; अप्पांना सांगितलं, तो सोलापूरला अव्वाजवळ आहे. मागं मंजुश्री राहिली. सुतक होतं, तरी तिनं संध्याकाळी देवापुढं दिवा लावला, कारण नाही लावला तर अप्पा विचारतील. अप्पांनी एकदा शेवयाची खीर मागितली, तीही केली, आणि त्यांच्यासमोर बसून वाटीभर खाल्ली. गल्लीतल्या लोकांना हात जोडून सांगितलं, अप्पांना कळू देऊ नका. एकदा टॅबवर शाळेच्या ग्रुपचा निरोप आला आणि अव्वाच्या कपाळावरून 'भावपूर्ण श्रद्धांजली' अशी पट्टी टीव्हीवर सरकत गेली. अप्पांना अक्षरं दिसली नाहीत. "ते काय हललं ग?" एवढंच त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून तिनं सगळे निरोप बंद करून टाकले.

आणि एक होतं. पाठवण्याआधी तिनं प्रत्येक व्हिडिओ कापला होता. पुढचा थोडा, मागचा थोडा. काचेवर व्हिडिओची टोकं दोन बोटांनी आत ढकलली की नको ते जातं. काय कापलं, ते पप्पूलाही ठाऊक नव्हतं.

३

बाविसाव्या दिवशी तिसऱ्या व्हिडिओची पाळी होती. बाहेर अप्पा खाकरले. 'टुंग' झालं. टॅबवर अव्वा आली, निळ्या चादरीत, नाकात नळी.

"जेवलात का?"

मंजुश्री वह्या तपासत बसली होती. हात थांबला. वर बघितलं. टॅबवर अव्वाचे ओठ मिटलेले होते.

मग ते हलले. जेवलात का, असे.

ती वही तशीच हातात धरून बघत राहिली. रोज ओठ आधी, आवाज मागून. आज उलटं चाललं होतं. पडद्यापलीकडून "गोळ्या चुकवू नका" आलं, आणि टॅबवरची अव्वा त्यानंतर, आठवून आठवून म्हटल्यासारखी, ते शब्द ओठांनी म्हणाली.

"तू कवा यायलीस?" अप्पांनी रोजच्यासारखं विचारलं.

टॅबवर अव्वानं रोजच्यासारखी मान हलवली. बाहेर मात्र शांतता लांबली. टीव्हीतून दवाखान्याचा पंखा कुरकुरताना ऐकू येत होता. मग अप्पा म्हणाले, "बर. बर. सावकाश ये."

मंजुश्री बाहेर आली तेव्हा टीव्ही काळा होता.

"काय म्हणाली अव्वा?"

"तुला ऐकू गेलं न्हाई व्हय? तूच तर लावून देतीस." अप्पा हसले. "येते म्हणली."

कान उतारवयातले, मन आसुसलेलं. माणूस ऐकायचं ते ऐकतो. तिनं स्वतःला तसं सांगितलं आणि चहाचा कप उचलून आत नेला. 

४

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना, सुनीलकुमारांना, गाठलं. अव्वाबद्दल त्यांना माहीत होतं. व्हिडिओंबद्दल नव्हतं, ते तिनं सांगितलंही नाही.

"सर, टॅबवरचं टीव्हीवर दाखवतो ना आपण. टीव्हीवर आधी आणि टॅबवर नंतर, असं होतं का कधी?"

"उशीर होतो टीचर. टीव्हीला."

"तसं नाही. टीव्ही पुढं, टॅब मागं."

सुनीलकुमारांनी डबा बाजूला ठेवला. "कसं होईल? टीव्हीकडं स्वतःचं काही नसतंच. हे जे पाठवतं ते तो दाखवतो. आरशातला माणूस तुमच्या आधी हात वर करतो का?" मग तिच्या चेहऱ्याकडं बघून आवाज उतरवून म्हणाले, "टीचर, झोप होतीय ना नीट? घरी दुःख झालंय. रजा घ्या की चार दिवस."

तिला बरं वाटलं. कारण सापडलं होतं: झोप. त्या संध्याकाळी ती धीरानं आत बसली. चौथा व्हिडिओ लावला. ओठ आधी, आवाज मागून, सगळं जिथल्या तिथं. ती मनात हसलीसुद्धा.

टॅबवर व्हिडिओ संपला. अव्वा शेवटच्या चित्रात गोठली, डोळे अर्धे मिटलेले.

बाहेर आवाज चालूच होता.

शब्द कळत नव्हते. बाईमाणसाचा खालच्या पट्टीतला आवाज, दमलेला. मधूनच अप्पांचा हुंकार. आणि मग तिसरा आवाज आला. तरुण, घाईतला, वैतागलेला. तो आवाज कुणाचा ते मंजुश्रीला लगेच कळलं नाही, कारण आपला आवाज बाहेरून कसा येतो ते माणसाला ठाऊक नसतं.

तिनं पडदा दोन बोटं बाजूला केला.

टीव्हीवर अव्वा नव्हती. टीव्हीवर मंजुश्री होती. खालून वर बघितल्यासारखी, उशीवर डोकं ठेवून कुणी बघावं तशी. मागं वॉर्डाचं छत, ट्यूबलाइट. हातात टॅब धरलेला, कपाळाला आठ्या. टीव्हीतली मंजुश्री टॅबच्या काचेत बघत म्हणत होती, "तसं नाही अव्वा. परत म्हण. हसून म्हण."

त्या वॉर्डात टॅब एकच होता, आणि तो तिच्या हातात होता. तिचा व्हिडिओ तिथं कुणीही काढला नव्हता.

टॅब तिच्या हातून गादीवर पडला. काचेवर अव्वा तशीच गोठलेली होती. बाहेर टीव्ही विझला.

५

अप्पांपुढं जायला तिला बराच वेळ लागला. पार्वतम्मा तोवर घरी गेली होती. अप्पा उशीला टेकून छताकडं बघत होते.

"अप्पा, आज काय दिसलं टीव्हीत?"

"तूच की."

"कवापासून?"

"झाले तीन-चार दिवस. आधी ती दिसती, मग तू दिसतीस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते तिला जास्त लागलं. "तिच्या अंगात बोलायचं त्राण न्हाई, आणि तू म्हणायलीस हसून म्हण. एकदा न्हाई, चारदा."

मंजुश्री खाटेच्या कडेला बसली. जे दोन बोटांनी ढकलून घालवलं होतं, ते तिला पाठ होतं. प्रत्येक व्हिडिओच्या आधी अव्वा दुसरंच बोलायची. पोटात आग पडलीय म्हणायची. पार्वतम्मा भाजीत मीठ घालायली की काय म्हणायची. आणि शेवटच्या संध्याकाळी, पाचवा व्हिडिओ काढताना, बोललीच नाही. टॅब हातानं बाजूला सारला. "हे नको. मला घरी न्हे मंजू. यांना एकदा डोळ्यांनी बघू दे. घरी न्हेत नसशील तर वर रस्त्यावर तरी न्हे, फोन लागतोय तिथं, खरं खरं बोलते."

वॉर्डबॉयला सांगून चाकाची खाट वर नेता आली असती. डॉक्टर नाही म्हणाले नसते. पण मंजुश्री दहा दिवस स्टुलावर बसून होती. पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं, आणि अप्पांचा पाचाचा व्हिडिओ जायचा राहिला होता.

"उद्या नेते अव्वा. आता एवढं म्हण, मी बरी हाय, काळजी करू नका."

अव्वानं म्हटलं. हसूनही म्हटलं.

"घरी न्हे म्हणायली ती," अप्पा छताकडंच बघत बोलले. "तू म्हणालीस, उद्या." मग त्यांनी मान वळवली. मोतीबिंदूनं दुधाळ झालेले डोळे तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला टेकले. "मग उद्या कवा हाय ग?"

तिला तेव्हाच सांगता आलं असतं. तोंड उघडलंही. पण सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून ती टाक्यांची रेघ वरखाली होताना दिसली, आणि ती उठून भाकरी करायला गेली.

६

दुसऱ्या दिवशी तिनं टॅब शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. मुद्दाम उशीर केला. वह्या संपल्यावर रिकामी बसून राहिली. साडेपाचला गल्लीत शिरली, तर पार्वतम्मा घराबाहेर पायरीवर बसलेली, पिशवी मांडीवर, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला.

"अप्पा एकटे हायत?"

पार्वतम्मानं मान हलवली. हो की नाही, ते कळेना. "अक्का, मी उद्यापासून यायची न्हाई."

"काय झालं?"

"टीव्ही आपोआप लागली. मी हात लावले न्हाई, देवाशप्पथ."

"अव्वा दिसली?"

"न्हाई." पार्वतम्मानं पिशवीचे बंद मुठीत आवळले. तिचं मराठी घाबरल्यावर कन्नडकडं वळायचं, ते तिनं ओढून सरळ केलं. "आभाळ दिसलं. नुसतं आभाळ. विजेच्या तारा आणि झाडाचे शेंडे मागं पळायले. उताणं झोपवून गाडीतून न्हेताना दिसतंय न्हव का, तसं. अप्पा हसायलेत आणि मला सांगायलेत, अक्कलकोट आलं बघ." ती उठली. "तुमची अव्वा माझ्या हातची भाकर गोड मानून खायची. चांगली बाई. पण मी यायची न्हाई."

ती गेली. राहिलेले पैसे मागायलाही थांबली नाही.

आत अप्पा ताजेतवाने होते. गालांवर रंग आला होता. "सोडलं की तिला! निघाली. मैंदर्गीच्या पुढं पाट्या कन्नड व्हायला लागल्या की झोप लागती म्हणली तिला. उद्या पाचाला घरात."

मंजुश्रीनं न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पप्पूला फोन लावला.

"पप्पू, आज ये. आत्ता बस धर."

"रविवारी यायलोय की अक्का. डॉक्टरांना घेऊनच सांगू. झालं काय?"

"अप्पांना कळलंय."

"कुणी सांगितलं?"

तिनं नळ आणखी मोठा सोडला. पलीकडं पप्पू अक्का, अक्का करत राहिला.

रात्री तिनं टीव्हीची वायर भिंतीतून काढली, तिची गुंडाळी करून टीव्हीवर ठेवली. मग अप्पांच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून पडली. उद्या शाळेला जायचं नाही, सकाळीच सांगायचं, असं ठरवलं. डॉक्टर काही म्हणोत.

७

सकाळी सांगणं झालं नाही. अप्पांनी दाढी करून मागितली. मग आंघोळ. मग धुतलेलं धोतर, ट्रंकेतलं. दुपारी ते इतके शांत झोपले की उठवायचा धीर होईना. आणि असं करता करता पाचाला दहा कमी झाले.

पार्वतम्मा नव्हती. गुंड्या मंजुश्रीनंच लावल्या. वरची गुंडी लावताना तिच्या बोटांखाली अप्पांचं काळीज ठोकत होतं, संथ, एकसारखं.

"अप्पा, टीव्ही बिघडलाय."

"बर."

"वायर काढून ठेवलीय मी."

"बर," अप्पा म्हणाले. आणि खाटेवर भिंतीकडं सरकून बसले, बाजूला जागा केल्यासारखे.

'टुंग' झालं.

वायरची गुंडाळी टीव्हीवर होती तिथंच होती. काच उजळली. आभाळ होतं, चारपाचाच्या उन्हाचं, पिवळट. कडेनं उसाचे तुरे सरकत होते. मग कन्नड अक्षरांची कमान आली आणि मागं गेली, अफजलपूरची. पाण्याची टाकी. बसस्टँडसमोरचं चिंचेचं झाड, खालून बघितलेलं. मग गल्ली. गल्लीवरून आडव्या गेलेल्या तारा ती ओळखत होती, शेजारच्या घराचा गंजलेला पत्रा ओळखत होती. घाई नव्हती. चार माणसांनी धीरानं उचलून आणावं, तसं ते चित्र किंचित डुलत येत होतं.

मंजुश्री अप्पांच्या पायांपाशी खाली बसली. त्यांचे दोन्ही घोटे धरले.

"अप्पा, अव्वा गेली. पंचवीस दिवस झाले. सोलापूरला आगीन दिली. मी तुम्हाला खोटं दाखवायले रोज. तिला घरी यायचं होतं, मी आणलं न्हाई. वरच्या मजल्यापर्यंतसुद्धा न्हेलं न्हाई. तिनं हात जोडले होते मला." ते शेवटचं तिनं स्वतःलाही आजवर सांगितलं नव्हतं.

अप्पा रडले नाहीत. छातीवर हात नेला नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर बोटं टेकवली.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच सांगितली ती. तू कवा सांगतीस म्हणून गप बसलो." आणि मग, जरा अधीर होऊन, "आता उठ. कडी काढ. दारात कामून उभं करायलीस तिला?"

काचेवर त्यांचंच दार होतं. बाहेरून. चौकटीवरचं सुकलेलं आंब्याच्या पानांचं तोरण, त्याची खालची बाजू. ते डुलणं थांबलं होतं.

दारावर थाप पडली नाही. कुणी हाक मारली नाही. पण दारापलीकडं कुणी तरी थांबलंय, हे आतल्या माणसाला जसं कळतं, तसं तिला कळत होतं. ती उठली. पाच पावलं होती. कडी हाताला गार लागली. तिला वाटलं, दार उघडलं की आपण पायाशी पडू, काय शिक्षा द्यायची ती दे म्हणू. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला भीतीपेक्षा तीच आस जास्त होती.

तिनं कडी काढली.

बाहेर कुणी नव्हतं. रिकामी पायरी, उन्हाचा पट्टा, गल्लीच्या तोंडाशी ऊस भरलेला ट्रॅक्टर खडखडत चाललेला. तिच्या उजव्या बाजूनं स्पिरिटचा आणि घामेजल्या चादरीचा वास आत गेला. ती झटकन मागं वळली.

टीव्हीवर चौकट आत सरकत होती. मग मंजुश्रीचा चेहरा आला, अगदी जवळून, डोळे विस्फारलेले, ओठ काही तरी म्हणायला उघडलेले. बोटभर अंतरावरून. 

चित्र थांबलं नाही. तारेच्या खांबाजवळून जावं तसं तिच्या चेहऱ्याजवळून गेलं. पुढं खाट आली. खाटेवर अप्पा होते, स्वच्छ सदऱ्यातले, केस मागं सारलेले, हात पुढं केलेले. त्यांचा चेहरा मोठा मोठा होत गेला, त्यांच्या डोळ्यांतलं दुधाळपण काचभर पसरलं, आणि टीव्ही विझला.

"ये," अप्पा म्हणाले. "ये, बस. दमलीस."

ते मंजुश्रीला म्हणत नव्हते.

८

रविवारी पप्पू डॉक्टरांना घेऊन आला. सांगायला काही उरलं नव्हतं, अप्पांनीच त्याला जवळ बसवून सगळं विचारून घेतलं, लाकडं कुठली, भटजी कोण, संगमाला पाणी किती होतं. डॉक्टरांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, दोनदा बघितला. म्हणाले, इतका चांगला मागच्या महिन्यातही नव्हता. पप्पू बाहेर येऊन म्हणाला, "बघ अक्का, आपण उगाच घाबरत होतो. आधीच सांगायला हवं होतं." टीव्ही त्यानं पुण्याला नेला. तिथं तो नीट चालतो.

मंजुश्रीनं पाचही व्हिडिओ पुसले नाहीत आणि पुन्हा बघितलेही नाहीत.

अप्पा आता खाटेच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागात झोपतात. बाहेरचा अर्धा रिकामा असतो. पार्वतम्मा नाही, म्हणून चादर मंजुश्रीच बदलते. दोन्ही अर्ध्यांवर सुरकुत्या असतात. ती त्या हातानं सपाट करते आणि काही विचारत नाही.

एकदाच विचारलं. दुपारची वेळ होती, अप्पा जागे होते. ती खाटेशी जमिनीवर बसली.

"अप्पा, अव्वा त्या दिवशी माझ्याबद्दल काय म्हणली?"

 त्यांना लबाडी कधी जमलीच नव्हती, सत्तर वर्षांत.

"तुझं नावच काढलं न्हाई ग पोरी."

मग तिच्या डोक्यावर ठेवायला त्यांनी हात उचलला. तो रिकाम्या जागेवरून येताना मध्येच थांबला. त्यांनी बाजूला बघितलं, आणि कुणाची झोप मोडू नये तसा, हळूच परत घेतला.